उमरठच्या देवीकडून उसना आणलेला प्लग

लोक काशीला जातात, रामेश्वरला जातात आणि परत आल्यावर पुस्तक लिहितात. मी महाडचा भुसारी दुकानदार, मी गेलो उमरठला. महाडहून पोलादपूर आणि पोलादपूरहून डोंगरात वर. एवढ्यासाठी हा लिहायला बसलाय म्हणून हसाल तर हसा बापडे. काशी करून आलेल्या आमच्या शेजाऱ्यानं तिथं काय काय खाल्लं याखेरीज मला अवाक्षर सांगितलं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

महाड

आधी यंत्राचं सांगतो, म्हणजे मी तडफडत डोंगर का चढलो ते कळेल.

आमची मुलगी वेणू बाणकोटच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावी दिलेली. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात माहेरी आणायची आपली रीत, तर नेमकं तिच्या सासूनं अंथरूण धरलं. घरात दुसरं बाईमाणूस नाही. होता होता आठवा उलटला. तिथली सुईण डोळ्यांनी अधू. वेणूच्या पायांवर सूज चढायला लागली आणि तिनं निरोप धाडला, "आईला म्हणावं, मला घेऊन जा."

होडीत घालून आणा, असं तुम्ही म्हणाल. तिथंच तर घोडं अडलं होतं. आमची सावित्री नदी भरतीच्या पाण्यावर चालते. बाणकोटाकडून भरतीबरोबर निघालं तरी भरलेली होडी महाडला लागायच्या आत भरती संपते, पाणी उलटं फिरतं आणि वल्ह्यांना दाद देत नाही. मग होडी चिखलात बसते ती पुढल्या भरतीपर्यंत. वेणूच्या आधी, आमच्या हिच्या पहिल्या खेपेला असंच झालं. दासगावच्या अलीकडच्या रेवेवर, म्हणजे गाळाच्या उंचवट्यावर, होडी रुतली, तिथंच कळा सुरू झाल्या. आजूबाजूला चिखल आणि मगरी. मूल होडीतच झालं आणि राहिलं नाही. इतकी वर्षं झाली, पण ती रेव आली की ही अजून तोंड फिरवते.

त्यामुळे हिनं निक्षून सांगितलं, "वल्ह्याच्या होडीत माझी पोर बसणार नाही." बैलगाडीचं नाव काढलं तर वैद्यबुवांनीच हात जोडले.

तोडगा काढला दादू भोयानं. दादूची होडी माझा माल दासगावच्या बंदरातून आणते, आमचं जुनं मेतकूट. त्यानं मुंबईत एका साहेबाच्या होडीला मागल्या बाजूला टांगलेलं यंत्र पाहिलं होतं. "नानाशेट, वल्ही नाय, शीड नाय, नि होडी पळतंय कशी, भूत लागल्यावानी!" झालं. भागीत यंत्र घ्यायचं ठरवून आम्ही दोघं बोटीनं मुंबईला गेलो.

दुकानदार मोठा हौशी निघाला. त्यानं पाण्यानं भरलेल्या पिंपात यंत्र लावलं, वरच्या चाकाला दोरी गुंडाळली आणि दिला हिसका. खालचा पंखा असा काही फिरला की पिंपातलं निम्मं पाणी माझ्या अंगावर! मी पागोटं पिळत उभा आणि दादू लग्नातल्या वऱ्हाड्यासारखा खूश. "ह्योच घ्यायचा," म्हणाला. यंत्राच्या डोक्यावर बोटाएवढा चिनी मातीचा पांढरा प्लग होता. त्यातून ठिणगी पडते आणि आतलं पेट्रोल पेटतं. या बनावटीचा जादा प्लग शिलकीत नाही, जहाजानं आला की पार्सल करतो, असं दुकानदार म्हणाला.

खोकं महाडला आलं. बंदरावर ही गर्दी! दादूच्या घरच्या बायकांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. नवी होडी पाण्यात लोटताना तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायची भोयांची रीत आहे. आता यंत्राला नाळ कुठली? दादूनं क्षणभर विचार केला आणि सगळ्यांत उंच, सगळ्यांत पांढरं, मुकुटासारखं जे टोक दिसत होतं त्याच्यावर नारळ हाणला.

नारळ फुटला. टोकही फुटलं.

मला काय बोलू नि काय नको असं झालं. जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दादू खोबऱ्याची शकलं हातात धरून मटकन खाली बसला. मुंबईला तार केली, उत्तर आलं, जहाजाची वाट पाहा. जहाज थांबेल, बाळंतपण थांबतं का? घरी येऊन मी पुन्हा दादूच्या नावानं खडे फोडायला लागलो तर हिनंच मला गप्प केलं. "त्याला बोलू नका. वेणूसाठीच नारळ आणला होता त्यानं."

पोलादपूर

मोटारींनासुद्धा असा प्लग असतो असं कोणीसं म्हणालं. महाडातल्या दोन्ही मोटारवाल्यांचे प्लग आमच्या भोकात शिरेनात. घाट चढायच्या आधी सगळ्या मोटारी पोलादपूरला थांबतात, म्हणून फुटका प्लग रुमालात बांधून मी सकाळच्या मोटारीनं निघालो.

ज्यांनी ही मोटार पाहिली नाही त्यांनी हळहळू नये. माझ्या एका बाजूला सुक्या मासळीची टोपली, दुसऱ्या बाजूला माहेरी चाललेली एक बाई. तिच्या मांडीवर मूल आणि मुलाच्या मांडीवर कोंबडी. एका चढावर मोटारीनं धाप टाकली तशी आम्ही पुरुषमाणसं उतरून चालायला लागलो आणि मोटारीच्या आधी वर पोचलो. पण खरं सांगायचं तर वाट देखणी. एका अंगाला सावित्री सोबत करते. महाडला गढूळ नि संथ असणारी आमची नदी इथं दगडगोट्यांतून खळखळत होती. मीच तिला ओळखलं नाही. काठाला वाल पिकले होते आणि हवेत कसा गारवा होता.

पोलादपूरला सखाराम नावाचा डायव्हर भेटला. जाडजूड, तोंडात तंबाखू, बोलण्यात मुंबईची हिंदी मिसळलेली. त्यानं माझी कहाणी ऐकली आणि नारळापाशी आल्यावर इतका हसला की ठसका लागला. मला राग आला. "तुमची पोर असती म्हणजे हसला असतात का?" असं मी फाडकन बोललो. तो ओशाळला. "चुकलो शेट," म्हणाला आणि प्लग उन्हात धरून आटे बघायला लागला.

"ह्यो आमच्या गाडीला नाय लागणार. अशी गाडी या रोडला एकच होती. ती गेली दरीत."

"म्हणजे संपलंच की!"

"नाय, नाय. तिचा एक पलग हाय. पन तो देवीकडं हाय."

मला वाटलं, हा पुन्हा थट्टा करतोय. पण थट्टा नव्हती. आंबेनळीच्या घाटात ती गाडी कड्यावरून गेली तेव्हा रामजी नावाचा उमरठकडचा पोरगा तिच्यावर किन्नर, म्हणजे क्लीनर, होता. कारवीच्या झुडपांत अडकून तो जगला. त्याच्या आईनं, काशीबाईनं, देवीला नवस केला होता. तो फेडताना तिनं दरीत पडलेल्या गाडीचा भोंगा आणि एक प्लग उचलून आणला आणि वाडीतल्या वाघजाईला वाहिला. रामजी आता मुंबईला गोदीत कामाला होता.

देवीला वाहिलेली वस्तू मागायला जायचं! पण महाडला रिकाम्या हातानं जाऊन हिला तोंड काय दाखवणार?

उमरठ

पोलादपूरहून वर पायवाटच. चढता चढता माझं नवं पायताण असं चावलं की शेवटी ते हातात घेतलं आणि अनवाणी चाललो. समोरून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. एकीनं विचारलंच, "शेट, पायातलं डोक्यावर नाय घेतलंव ते?" मी म्हटलं, "बाई, अजून चढ संपला नाही, तेही घेईन."

उमरठच्या वरच्या अंगाला ती वाडी. पाचसहा घरं, शेणानं सारवलेली अंगणं, परसात नाचणीच्या पेंढ्या. बापये बहुतेक मुंबईला, त्यामुळे नांगराचं सोडलं तर सगळी कामं बायाच करत होत्या. आमच्या महाडात पाहुणा आला की आधी चहा. इथं आधी पाय धुवायला पाणी, मग गुळाचा खडा नि तांब्या, आणि तोवर कशाला आलात हे कोणी विचारत नाही. मला ही चाल फार आवडली. दमलेल्या माणसाला आधी दम तरी घेऊ देतात.

देऊळ म्हणजे चार खांबांवर कौलारू छप्पर. घंटेच्या जागी मोटारीचा भोंगा टांगलेला! येणारा माणूस त्याचा रबरी फुगा दाबतो, भोंगा पों करतो आणि मग तो हात जोडतो. आत वाघजाईची शेंदूर माखलेली शिळा आणि तिच्या पायाशी, शेंदरानं लाल झालेला, माझा प्लग. मी फुटका प्लग रुमालातून काढून शेजारी धरला. तेच आटे, तोच आकार.

गुरव म्हणाला, "माझ्या हातात काय नाय. कौल लावू. देवी बोलंल ते." शिळेच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे शहरात लोक अशा वेळी वकिलाकडे जातात, तिथं निदान अपील तरी असतं.

काशीबाई खांबापाशी येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक, हातात कोयता तसाच. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "आई वाघजाई, महाडचा शेट तुज्या पायापाशी आला हाय, तुला वाहिलेली वस्तू मागतोय, द्यायची काय?" त्याचं बोलणं संपतंय न संपतंय तोच डावी पाकळी टपकन खाली पडली.

"डावा दिला," गुरव म्हणाला.

काशीबाईनं सुटकेचा श्वास टाकला. तो मला स्पष्ट ऐकू आला आणि खोटं कशाला सांगू, मला तिचा राग आला. देवीचाही आला. मी पागोटं उचललं आणि उठलो.

"उन्हाचं कुटं जाताव?" काशीबाई म्हणाली. "जेवा नि जावा. वाडीतून पावनं उपाशी जात नाय."

जेवायची इच्छा नव्हती, पण तिनं पान वाढलं होतं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, लसणाची चटणी, गाडग्यातलं ताक. पहिला घास घेतला आणि भूक किती लागली होती ते कळलं. लाज वाटली, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या. ती समोर बसून आणखी वाढत होती.

"राग नका धरू शेट," ती म्हणाली. "त्यो पलग नाय, माज्या रामजीचा जीव हाय त्यो. त्यो देवीच्या पायाशी हाय तवर माजं पोर तकडं गोदीत नीट हाय. तुमी नेलाव नि तकडं कायतरी झालं, मंग मी कुनाला इचारू?"

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी मी असतो तर मीसुद्धा दिला नसता."

मग तिनं विचारलं, "तुमाला कशाला हवा पन? होडी पळवायला?" म्हणजे यंत्रासाठी हवा एवढंच तिला ठाऊक होतं. सखारामशी बोलताना तावातावानं सगळं सांगणारा मी, आणि इथं गुरवापुढं वेणूचं नाव काढायचंच राहून गेलं होतं! मग मी सांगितलं. वेणूची सूज सांगितली, तिची अंथरुणावरची सासू सांगितली. आणि कसं कोण जाणे, चारचौघांत कधी न काढलेली ती रेवेवरची गोष्टही सांगितली. कापडात गुंडाळलेलं ते बाळ मांडीवर घेऊन ही भरतीची वाट बघत कशी बसली होती, तेही. सांगता सांगता हातावरचं पिठलं वाळलं.

काशीबाईनं माझ्या हातावर पाणी घातलं, पदर खोचला आणि गुरवाला हाक मारली, "अरे ऊठ रे! पुन्ना कौल लाव. गाऱ्हानं मी घालतंय."

गुरव चाचरला. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. "नवस माजा होता का तुजा?" ती म्हणाली, आणि तो मुकाट पाकळ्या ओल्या करायला गेला.

ती शिळेपुढं बसली नि शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली. "आई, वस्तू तुजी हाय नि तुजीच ऱ्हाईल. मी तुज्याकडनं उसनी मागतंय. शेटच्या पोरीची सुटका झाली का त्यो आनून देईल. तवर त्याचा फुटका पलग तुज्यापाशी गहान ऱ्हाईल. माजं पोर संभाळलंस तशी त्याची पोर संभाळ. नि या दिसांत माज्या पोरावरची नजर काढू नको. दोनी करायला तू समर्थ हायस. सांग आता."

कोणी हलेना. पाकळ्याही हलेनात. एक कोंबडी देवळात येऊन दाणे टिपून गेली. मी मनातल्या मनात नुसतं वेणू, वेणू म्हणत होतो. आणि मग उजवी पाकळी अलगद सुटली, शिळेवरून घसरत खाली आली आणि प्लगवर पडली.

मी काशीबाईच्या पाया पडायला वाकलो. ती दोन पावलं मागं सरली. "काय करताव शेट! जावा, बिगी जावा. पोर वाट बघत आसंल."

सावित्रीवर

प्लग रॉकेलात बुडवून घासला, तरी शेंदूर पुरता निघाला नाही. दादूनं तो बसवला. या खेपेला नारळ आणलाच नव्हता. पहिल्या हिसक्याला काही नाही. दुसऱ्याला नुसता धूर. तिसऱ्याला यंत्र खोकलं आणि चौथ्याला असं धडधडलं की काठावरचे बगळे उडाले. दादू रडत होता नि हसत होता. मीही तेच करत होतो.

ही ऐकेचना, होडीत येऊन बसली. ओहोटीबरोबर खाली गेलो, रात्र व्याह्यांकडे काढली आणि दुसऱ्या दिवशी भरतीच्या तोंडाशी वेणूला घेऊन निघालो. दोन गाद्या, तीन उशा, आणि बाळंतविडा असावा एवढं व्याह्यांनी दिलेलं सामान. दासगाव मागं पडलं आणि पाणी उलटं फिरलं. अगदी ठरल्यासारखं. समोर एक वल्ह्याची होडी काठाला लागत होती. माणसं नांगर टाकून भाकरी सोडायच्या तयारीत होती. आम्ही त्यांच्या अंगावरून ओहोटीच्या तोंडावर धडधडत वर निघालो. त्यांच्या हातातल्या भाकऱ्या हातातच राहिल्या.

मग ती रेव आली. चिखल उघडा पडायला लागला होता, दोन मगरी उन्हाला पडल्या होत्या. हिनं वेणूचा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, तोंड फिरवील. नाही फिरवलं. रेव मागं जाईपर्यंत ती तिच्याकडे एकटक बघत राहिली. मग डोळे पुसून वेणूला म्हणाली, "पाठीला उशी नीट घे गं." माझ्या छातीवरचा दगड तिथं उतरला. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

वेणूला आमच्या घरी मुलगी झाली. वैद्यबुवा बाहेर बसून पान खात होते, त्यांची गरजच लागली नाही.

पुन्हा उमरठ

मुंबईचं पार्सल बारशाच्या सुमारास आलं. नवा प्लग बसवला आणि उसना परत करायला मी पुन्हा डोंगर चढलो, या खेपेला जुनं पायताण घालून. बरोबर दादूही होता. त्याच्या हातात नारळ होता, पण देवळाच्या पायरीवर फोड, दुसऱ्या कशावर नाही, हे मी त्याला वाटेत पुन्हा पुन्हा बजावलं.

काशीबाईला आधी विचारलं, "रामजी बरा आहे ना?" "बरा हाय. शिमग्याला येतोय," ती म्हणाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बारशाच्या घुगऱ्या दिल्या, हिनं धाडलेलं लुगडं दिलं. शेंदूर लावलेला प्लग देवीच्या पायाशी ठेवला आणि गहाण टाकलेला फुटका उचलायला हात घातला.

त्यालाही शेंदूर लागला होता. आणि रोज ताजं फूल वाहिलेलं दिसत होतं.

"त्यो ऱ्हाऊंदे," काशीबाई म्हणाली. "येवढे दिस तुज्या पोरीसाटी मी त्याच्याच पाया पडत हुते. आता कशाला उचलतोस?"

मला ती पहिल्यांदाच अरेतुरे बोलली. मी हात मागं घेतला, बाहेर आलो आणि भोंगा दाबला.